फूड पॅन्ट्रीचा रिव्ह्यू: चार स्टार, आणि पाचवा का कापला तेही सांगते

हॉटेलांचे, मिक्सरचे, मोबाईलचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, पण जिथे माल फुकट मिळतो त्या जागेबद्दल कुणी लिहीत नाही, कारण धर्माची गाय आणि दात का गं नाय असं कुणीतरी म्हणेल ही भीती. मला ते काही पटत नाही. उलट जिथे माणूस अडचणीत असतानाच जातो तिथली सर्व्हिस कशी आहे हे जायच्या आधी कळलेलं बरं ना. म्हणून हा रिव्ह्यू, आमच्या भागातल्या कम्युनिटी फूड पॅन्ट्रीचा. नाव देत नाहीये, कारण खाली तक्रारीपण आहेत आणि माणसं चांगली आहेत तिथली, उगाच त्यांच्या डोक्याला ताप नको. मी ही जागा दोन्ही बाजूंनी बघितलीये, आमच्याकडे पगार बंद होता तेव्हा पिशवी घेऊन लाईनीत होते आणि आता सुट्टीच्या दिवशी तिथेच माल लावायला जाते.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: अन्नछत्रात शिजवलेलं जेवण मिळतं, पॅन्ट्रीत कोरडा शिधा मिळतो, घरी नेऊन आपलं आपण शिजवायचं. आणि फूड बँक म्हंजे त्याच्यामागचं मोठं गोडाऊन, जिथे कंपन्या, दुकानं, शेतकरी यांच्याकडून टनाने माल येतो आणि तिथून छोट्या छोट्या पॅन्ट्रींना वाटला जातो. एक होलसेल, एक रिटेल. लोक दोन्हीला फूड बँकच म्हणतात, काही बिघडत नाही.

पहिल्यांदा गेलं की एक फॉर्म. नाव, घरात माणसं किती, लहान मुलं किती, कुणाला शुगर किंवा कसली अॅलर्जी आहे का, आणि शिजवायची सोय आहे का. हा शेवटचा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला होता, पण आता कळतं की एका खोलीत चार जण शेअरिंगवर राहणाऱ्याला किंवा गॅस संपलेल्या घराला पाच किलो कोरडी डाळ देऊन काही उपयोग नाही, त्यांना उघडून खाता येईल असं काहीतरी द्यावं लागतं. डबाबंद मालासोबत डबा उघडायचं ओपनर ठेवणारी पॅन्ट्री असेल तर समजा ती कुणीतरी विचार करून चालवतंय. आमच्याकडे आहेत, खोकाभर.

उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. तुम्ही सांगाल ते खरं धरतात. यावर नेहमी वाद होतो की मग उगाच कुणीही येऊन घेऊन जाईल. जातही असेल एखादा. पण अहो तासभर लाईनीत उभं राहून ओळखीच्या चार जणांसमोर तांदळाची पिशवी घ्यायला हौसेने कोण येतंय? ब्रिटनमध्ये ट्रसेल नावाची मोठी संस्था आहे, त्यांची पहिली फूड बँक सॉल्सबरी गावात 2000 साली निघाली, त्यांच्याकडे व्हाउचरची पद्धत रुजली, म्हंजे डॉक्टर, शाळा, सल्ला केंद्र असं कुणीतरी तुम्हाला पाठवायचं आणि मग साधारण तीन दिवसांचं पार्सल मिळायचं. त्याचा फायदा असा की पाठवणारा माणूस तुमची बाकीची अडचणपण बघतो, कर्ज आहे का, कुठला सरकारी लाभ अडकलाय का. तोटा असा की जेवायला मिळावं म्हणून आधी कुणाच्या तरी समोर बसून सगळं पुराण सांगायचं. मला आमची पद्धत बरी वाटते. सल्ल्याचं टेबल आमच्याकडेपण आहे, बाजूला, ज्याला जायचंय तो जातो.

आता मुद्द्याचं. या पॅन्ट्रीला चार स्टार मी ज्या एका गोष्टीसाठी देतेय ती म्हंजे इथे माल आपण निवडून घ्यायचा असतो. बऱ्याच ठिकाणी बांधून ठेवलेली पिशवी हातात देतात, जे आहे ते घ्या आणि निघा. इथे दुकानासारखे रॅक आहेत, घरातल्या माणसांप्रमाणे पॉइंट मिळतात आणि प्रत्येक रॅकवर लिहिलेलं असतं, धान्य इतके पॉइंट, तेल इतके, डबाबंद इतके. आपण फिरायचं आणि घ्यायचं. ऐकायला किरकोळ वाटेल. पण त्या दिवसांत घरातला एकही निर्णय आपल्या हातात नसतो, घरमालक सांगतो, बँक सांगते, नोकरीच्या मुलाखतीतला पोरगा सांगतो, आणि मग एका खोलीत तुम्हाला कुणीतरी म्हणतं की ताई तुम्हाला काय हवंय ते बघून घ्या. मी पहिल्या वेळी दोनदा विचारलं होतं की खरंच मी घेऊ का.

आणि यात भावनेचाच भाग आहे असं नाही, हिशोबपण आहे. बांधलेल्या पिशवीतलं जे घरात चालत नाही ते पडून राहतं आणि शेवटी फेकलं जातं. मागे एक बाई होत्या, बरोबर दोन पोरं, साखरेचा पुडा घेतला, पुढे साबणाच्या रॅकपाशी गेल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या, मागे येऊन साखर जागेवर ठेवली आणि कपड्याचा साबण घेतला. शाळेचा युनिफॉर्म एकच असेल तर साबण आधी लागतो हे बाहेरून पिशवी बांधणाऱ्याला कसं कळणार? एक आजोबा नेहमी डब्यांवरचं लेबल डोळ्याजवळ धरून वाचतात, दातांचा प्रॉब्लेम, मऊ असेल तेच घेतात, आणि आमचा एक व्हॉलंटियर पोरगा त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला जातो तर म्हणाले, "बाळा मला वाचता येतंय, तू फक्त लाईटच्या आड उभा राहू नकोस."

लोकांना वाटतं पॅन्ट्रीत येणारे म्हंजे घरात अन्नाचा कण नसलेले. तसे येतातच, पण बरेचसे असे असतात ज्यांच्या घरात कमावणारं माणूस आहे, रोज कामावर जातं, आणि तरी महिना पुरत नाही. याचं कारण सांगते कारण ते मला स्वतःला लाईनीत लागेपर्यंत नीट कळलं नव्हतं. घरभाडं कमी करता येत नाही. विजेचं बिल नाही भरलं तर वीज तोडतात. शाळेची फी, औषध, कर्जाचा हप्ता, सगळ्यांच्या मागे तारीख आणि दंड. अख्ख्या घरखर्चात जेवण हा एकच खर्च असा आहे की जो कमी केला तर कुणाची नोटीस येत नाही. मग तिथूनच कापतात. आधी फळं बंद, मग दूध पातळ, मग आई म्हणते मला भूक नाही. मुलांच्या ताटाला शेवटपर्यंत हात लावत नाहीत, त्यामुळे शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून पॅन्ट्रीतली पिशवी ही फक्त जेवणाची पिशवी नसते, ती त्या महिन्याचं लाईट बिल असते किंवा आजीच्या बीपीच्या गोळ्या असते. किराण्याचे जे पैसे वाचले ते तिकडे जातात. आमच्या घरीसुद्धा पॅन्ट्रीने आम्हाला जेवू घातलं असं म्हणण्यापेक्षा आमचं भाडं थकू दिलं नाही असं म्हटलं तर जास्त बरोबर होईल. आणि भाडं एकदा थकलं की गाडी कुठे घसरते ते ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये.

शुगरवाल्यांचं तर फारच अवघड असतं. गोळी किंवा इन्सुलिन चालू आणि पोटात पुरेसं नाही, की साखर एकदम खाली येते. कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांच्या नोंदींवर 2014 साली एक अभ्यास आला होता, त्यात गरीब वस्तीतल्या लोकांचं साखर कमी झाली म्हणून अॅडमिट होणं महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात 27 टक्क्यांनी जास्त दिसलं. महिनाअखेर म्हंजे काय ते यातून कळतं. आमच्या पॅन्ट्रीतपण शेवटच्या आठवड्यात लाईन डबल असते, आणि नेमका तेव्हाच रॅकवर गोड बिस्किटं आणि पांढरा पाव सोडून फारसं काही उरलेलं नसतं, ही तक्रार नंबर एक. कडधान्य, कमी मिठाचे डबे, बिनसाखरेचं काही, हे शुगर-बीपीवाल्यांसाठी वेगळं काढून ठेवा असं आम्ही किती वेळा सांगितलंय. आता एक कोपरा केलाय म्हणे, बघू किती दिवस टिकतो.

इथे थोडं विषयांतर, पण मला ही गोष्ट फार आवडते. हे सगळं सुरू कसं झालं तर अमेरिकेत अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगल नावाचे एक गृहस्थ होते, ते एका अन्नछत्रात काम करायचे, तिथे त्यांना एक बाई भेटल्या ज्या दुकानामागच्या कचरापेट्यांतून चांगलं अन्न वेचून पोरांना घालायच्या. त्या बाईच म्हणाल्या की जिथे अन्न ठेवता येईल आणि लागेल तेव्हा काढता येईल अशी बँकेसारखी जागा हवी. 1967 साली सेंट मेरीज फूड बँक निघाली, जगातली पहिली, चर्चने दिलेल्या एका रिकाम्या इमारतीत, आणि पहिल्याच वर्षी सुमारे सव्वा लाख किलो अन्न वाटलं गेलं. म्हंजे आयडिया कुठल्या एनजीओच्या मीटिंगमधून आलेली नाही, जिला गरज होती तिच्याच डोक्यातून आलीये. आणि आपण अजून गरजवंतांना न विचारता त्यांच्या पिशव्या बांधतो. असो.

माल येतो कुठून? तारीख जवळ आलेला दुकानातला, पॅकिंगला चेपलेला पण आत ठीक असलेला, शेतातला आकाराने वाकडा, लोकांनी घरून आणून दिलेला, आणि देणगीच्या पैशांतून होलसेलमध्ये घेतलेला. टंचाई अन्नाची नाहीचे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या अहवालात 2022 सालात जगभरात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेल्याचं दिलंय आणि त्यातलं साठ टक्के घराघरांतलं आहे, म्हंजे तुमच्या-माझ्या फ्रिजमधलं. दुकानदार पूर्वी द्यायला घाबरायचे, कुणाला बाधलं तर केस माझ्यावर. अमेरिकेत 1996 साली कायदा करून चांगल्या मनाने देणाऱ्याला त्यातून संरक्षण दिलं, आणि फ्रान्सने 2016 मध्ये उलट बाजूने पकडलं, 400 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटने विकलं न गेलेलं चांगलं अन्न नष्ट करायचं नाही, संस्थांशी करार करून द्यायचं. मला फ्रान्सचं जास्त आवडलं. विनंती करून किती दिवस भागणार?

तारखेबद्दल मात्र गैरसमज खूप आहेत, म्हणून जरा सविस्तर. पॅन्ट्रीत कधीकधी "बेस्ट बिफोर" उलटून गेलेला पास्ता किंवा बिस्किटाचा पुडा मिळतो आणि लोक चिडतात की आम्हाला काय कचरा देता का. चिडणं समजतं मला. पण बेस्ट बिफोर ही चवीची, कुरकुरीतपणाची तारीख असते, त्यानंतर कोरडा, नीट बंद असलेला माल बरेच दिवस खाण्यालायक राहतो. "यूज बाय" ही वेगळी भानगड, ती सेफ्टीची तारीख, ती उलटली की द्यायचं नाही, विषय संपला. आणि बाळाच्या पावडरच्या दुधाला तर कसलीच सवलत नाही, तारीख गेली की डबा बाद, कारण त्यातली पोषणमूल्यं कमी होतात आणि बाळाचं पोट त्या एकाच गोष्टीवर असतं. आमच्याकडे मागच्या टेबलावर एक रिटायर्ड काका बसतात, त्यांचं कामच ते. प्रत्येक डबा उचलायचा, उलटा करायचा, अंगठा फिरवत फिरवत शिवणीवरून न्यायचा, वरच्या-खालच्या झाकणावर दाबून बघायचं की वर-खाली होतंय का. बाजूला साधा पोचा असेल तर चालतं. शिवणीवर खोल पोचा, गंज खाल्लेला, गळका, किंवा फुगलेला डबा असेल तर सरळ कचऱ्यात, उघडून वास बघायचापण नाही, कारण फुगलेल्या डब्यात बोटुलिझमचं, म्हंजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचं, विष असू शकतं आणि ते वासाने कळत नाही. एकदा एका नवीन मुलीने काकांना विचारलं की एवढे डबे फेकायचे, जीवावर येत नाही का, तर काका म्हणाले, "तुझ्या घरी नेशील का? मग त्यांच्या घरी का?" यावर पुढे कुणी काही बोललं नाही आणि ती मुलगी आता डबे त्यांच्यापेक्षा जास्त फेकते.

फ्रिजवरपण थर्मामीटर लावलाय, पाच डिग्रीच्या खाली ठेवतात आणि रोज वहीत लिहितात. ही वही मी बघितलीये, खरंच लिहितात, एकाच पेनाने एका दिवशी भरलेली नाहीये.

खाण्याव्यतिरिक्तचा रॅक हा माझ्या मते सगळ्यात कमी लेखलेला भाग आहे. साबण, टूथपेस्ट, सॅनिटरी पॅड, डायपर. देणारे तांदूळ-डाळीचा विचार करतात, पॅडचा कुणाच्या डोक्यात येत नाही. अमेरिकेत सरकारची जी फूड स्टँपची योजना आहे, स्नॅप, त्यावर अन्न घेता येतं पण साबण, डायपर, पॅड घेता येत नाहीत, म्हंजे सरकारी मदत मिळणारं घरसुद्धा या गोष्टींसाठी पॅन्ट्रीत येतं. आमच्याकडे पॅड दारामागच्या कपाटात ठेवतात आणि न विचारता घ्या अशी पाटी आहे. पाटी लावायच्या आधी ते पुडे तसेच पडून असायचे, पाटी लावली आणि महिन्यात कपाट रिकामं.

आता तक्रारी, ज्यांच्यासाठी स्टार कापला.

वेळ. आठवड्यातून दोन दिवस, दोन्ही कामाचे वार, सकाळी उशिरा ते दुपार. अरे पण रोजंदारीवाला यायचा कसा? अर्धा दिवस बुडवून तीन दिवसांचं जेवण घ्यायचं हा कुठला हिशोब. जी घरं राबूनही कमी पडतात तीच नेमकी या वेळेमुळे बाहेर राहतात. संध्याकाळी एक दिवस उघडा असं कितीतरी जणांनी लिहून दिलंय, उत्तर एकच, व्हॉलंटियर नाहीत. ते खोटं नाहीये, बहुतेक व्हॉलंटियर रिटायर्ड आहेत आणि त्यांना अंधारात घरी जायला नको वाटतं. तरीपण.

लाईन. रस्त्यावर लागते, अगदी मेन रोडवर. शाळा सुटायच्या वेळेला. आपल्या मुलाच्या वर्गातली मुलं समोरून जातायत आणि आपण पिशवी घेऊन उभे, हे नको म्हणून मी एक बाई परत जाताना बघितलीये. मागच्या बाजूला मोकळी जागा आहे, तिथे लाईन वळवली तर फुकटात होण्यासारखं काम आहे.

फोटो. यावर माझं डोकं फिरतं. पॅन्ट्रीचा स्वतःचा नियम आहे की घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही, पण एखादा मोठा देणगीदार ग्रुप आला की बॅनर येतो, टीशर्ट येतात आणि कुणाच्या तरी हातात पिशवी देताना सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. मागे एका आजींनी पदर तोंडावर ओढून घेतला तर त्यांना म्हणतात कसे, "आजी, जरा इकडे बघा, हसा." आम्ही तिथेच थांबवलं, पण तेवढ्यात दोन फोटो निघालेच होते. तांदूळ दिलात ना, मग तांदळाचा काढा की फोटो.

पोहोच. पिशवी जड असते, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही, कडेवर पोर आहे, किंवा गुडघे गेलेत, त्यांना ती घरी न्यायचीच मारामार. फोन केला तर घरपोच देतात असं पत्रकावर आहे, पण फोन लागत नाही. लागला तर उचलत नाहीत.

पर्याय काय आहेत हेपण सांगते. रस्त्याच्या कडेला ठेवलेलं छोटं कपाट, ज्याला जे द्यायचंय ते ठेवा, हवं ते घ्या, ना फॉर्म ना वेळ. 2016 मध्ये अमेरिकेत आर्कन्सॉमधल्या फेएटव्हिल गावात असं पहिलं लिटल फ्री पॅन्ट्रीचं कपाट लागलं आणि मग ठिकठिकाणी लागली. फिलिपिन्समध्ये एप्रिल 2021 मध्ये कोविडच्या लॉकडाऊनमध्ये केझॉन सिटीत अॅना पॅट्रिशिया नॉन नावाच्या तरुणीने रस्त्यावर एक बांबूची हातगाडी लावली, कुवतीप्रमाणे द्या आणि गरजेप्रमाणे घ्या अशी पाटी, आणि बघता बघता देशभर तशाच गाड्या उभ्या राहिल्या. रात्री अकरा वाजता कामावरून येणाऱ्याला कपाट परवडतं, तिथे कुणी बघायला नसतं. पण कपाटात दूध-भाजी टिकत नाही, डबा फुगलाय का बघायला काका नसतात, आणि रोज काही असेलच याची खात्री नाही. आमच्या पॅन्ट्रीने बाहेरच्या भिंतीला असं एक कपाट लावलं तर माझी वेळेची तक्रार अर्धी कमी होईल, तसं तिथल्या सूचनांच्या वहीत लिहूनही आलेय.

एक गोष्ट मात्र पॅन्ट्रीच्या डोक्यावर मारू नका. मागे कुणीतरी म्हणालं की एवढी वर्षं वाटप चालू आहे तरी लाईन कमी होत नाही, मग उपयोग काय. लाईन पगारामुळे लागते, भाड्यामुळे लागते, आजारपणामुळे लागते, ती पॅन्ट्री कशी कमी करणार. ट्रसेलवाले तर स्वतःच सांगतात की फूड बँकेची गरजच पडू नये हे आमचं उद्दिष्ट आहे. पॅन्ट्रीचं काम एवढंच की तोपर्यंत घर मोडू नये. आमच्या घरी पगार परत सुरू झाला तो पॅन्ट्रीमुळे नाही, पण तो सुरू होईपर्यंतच्या मधल्या दिवसांत आम्ही सावकाराकडे गेलो नाही ते पॅन्ट्रीमुळेच.

जाणाऱ्यांसाठी: पिशव्या स्वतःच्या न्या, दोन, जाड. उघडायच्या वेळेपेक्षा जरा उशिरा गेलात तर लाईन कमी पण भाजी संपलेली, लवकर गेलात तर उलटं, काय हवंय त्यावर ठरवा. घरातल्या माणसांची संख्या खरी सांगा, कमी सांगू नका, बरेच जण लाजून कमी सांगतात आणि मग पॉइंट कमी मिळतात. कुणाला शुगर असेल तर फॉर्मवर लिहाच, त्या कोपऱ्यातला माल त्याशिवाय दाखवत नाहीत.

देणाऱ्यांसाठी: पैसे दिलेत तर सगळ्यात उत्तम, होलसेलमध्ये तेवढ्याच पैशात तुमच्यापेक्षा बराच जास्त माल ते आणतात. वस्तूच द्यायची असेल तर आधी दारावरचा फळा बघा, काय कमी आहे ते रोज लिहितात. तांदूळ सगळेच आणतात, तेल कुणी आणत नाही. घरातलं कपाट आवरताना सापडलेला, वर्ष विसरलेला मसाल्याचा पुडा आणू नका, तो काका फेकतात आणि वर कचऱ्याची गाडी पॅन्ट्रीच्या खर्चाने. सध्या फळ्यावर तेल, पॅड आणि मोठ्या साईझचे डायपर आहेत. छोट्या साईझचे नकोत, ते भरपूर पडलेत.